'लेक व्ह्यू, गोल्फ जवळच': खडकवासल्याच्या काठी अकरा महिने

करार अकरा महिन्यांचा होता, तो गेल्या आठवड्यात संपला. मालकांनी फोन करून विचारलं, "मग ताई, पुढं काय ठरवलंय?" मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. ते दोन दिवस हे लिहिण्यात चाललेत. खडकवासल्यात घर बघणाऱ्याला इंटरनेटवर एक तर बिल्डरांच्या जाहिराती सापडतात, नाही तर कणीस खायला आलेल्यांचे फोटो. तिथं राहून, टँकरचे पैसे भरून, डास मारून कुणी काही लिहिलेलं मला तरी गेल्या वर्षी मिळालं नव्हतं.

आधी आम्ही कोण ते सांगते, म्हणजे कुणाच्या चष्म्यातून वाचताय ते कळेल. मी पेठेतल्या एका शाळेत 28 वर्षं गणित शिकवलं. आमचे हे चाकणच्या कारखान्यातून निवृत्त. राहणं नारायण पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत. तिथं स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपला भात उतरवता येतो. तक्रार नाही, पण निवृत्तीनंतर ह्यांना मोकळ्या हवेचे डोहाळे लागले. त्यात कारखान्यातल्या एका साहेबांनी शेवटच्या दोन वर्षांत ह्यांना गोल्फचा नाद लावून ठेवलेला. जुन्या बाजारातून एका रविवारी पटर आणि सात नंबरचं आयर्न अशा गोल्फच्या दोन काठ्या घरी आल्या, तेव्हाच मी ओळखलं होतं की हे प्रकरण पेठेत मावणार नाही.

एजंटच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी होत्या: लेक व्ह्यू, ऐतिहासिक परिसर, गोल्फ जवळच. चौथा मजला, दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर, भाडं 17 हजार, डिपॉझिट 50. आम्ही 2024 च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवलं.

आता 'लेक'. खडकवासल्यात लेक कुणी म्हणत नाही. गावातली माणसं 'धरण' म्हणतात. धरणावर गेलो होतो, धरणाकडनं आलो. रविवारी पुण्याहून येणारे 'चौपाटी' म्हणतात. इंग्रजांनी आपल्या फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून त्याला 'लेक फाइफ' म्हटलं होतं, ते नाव त्यांच्याबरोबरच गेलं. आजच्या घडीला 'लेक' हा शब्द ज्याच्या तोंडी येतो, त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं असतं एवढं समजून चाला.

व्ह्यू आहे. खोटं बोलणार नाही. फोटोत तो अख्ख्या गॅलरीभर पसरलेला होता, प्रत्यक्षात दोन इमारतींच्या फटीतून दिसतो. कंपासपेटीतला कोनमापक आणि एक दोरा घेऊन मी तो मोजला. गॅलरीच्या मधोमध उभं राहिलं तर 22 अंश पाणी. उजव्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या स्टँडला खेटून उभं राहिलं तर 31. घर बघायला जाल तेव्हा एजंट तुम्हाला बरोबर त्या टोकाला नेऊन उभं करेल आणि स्वतः स्टँड झाकून उभा राहील.

पण ते 31 अंश मात्र खरे निघाले. सकाळी साडेसहाला पाण्यावर राखाडी रंग असतो, मग सिंहगडाच्या बाजूनं ऊन उतरतं आणि सगळा पट्टा तव्यासारखा तापायला लागतो. पाणकावळे खुंटावर पंख पसरून वाळत बसतात, अगदी आमच्या स्टँडवरच्या टॉवेलांसारखे. थंडीत हळदी-कुंकू बदकं जवळ आली होती. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, कपाळाशी लाल, हे दुर्बिणीतून पहिल्यांदा नीट पाहिलं आणि ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. पलीकडच्या अंगाला, एनडीएच्या म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बाजूला, कधीकधी पांढऱ्या शिडांच्या होड्या दिसतात. कॅडेट शिकत असतात. एखादी होडी आडवी होते, थोडा वेळ कुणी दिसत नाही, मग परत उभी राहते. ह्यांचा चहा तोवर गार.

पहिल्याच महिन्यात पाण्यानं आपली दुसरी बाजू दाखवली. 25 जुलै 2024. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटेपासून धरणातून विसर्ग वाढवला. खाली सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, बोटी घालून माणसं काढावी लागली. आमच्याकडे, धरणाच्या वरच्या अंगाला, काहीच नाही. फक्त दरवाज्यांकडून एक सलग आवाज येत होता, लांबून मालगाडी जावी आणि तिचा शेवटचा डबा येऊच नये तसा. माझी धाकटी बहीण विठ्ठलवाडीला राहते. तिच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. सकाळी तिचा फोन, "तायडे, तुझं धरण आवर गं!"

त्या दिवशी विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला होता. क्युसेक हा शब्द आपण पुणेकर पावसाळ्यात वरणभातासारखा वापरतो. भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही हे त्यावरून ठरवतो, आणि पुढं विसरतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28 लिटरच्या थोडं वर. 35 हजारनं गुणा. सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर. आपल्या सोसायटीत येतो तो 10 हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला शंभर टँकर. हा टँकर लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गोल्फचं सांगते. एजंट म्हणाला होता 'जवळच', आणि नकाशावर बोट ठेवून दाखवलं तर खरंच जवळ. पाण्याच्या पलीकडे एनडीएचा गोल्फ कोर्स आहे. फक्त तो एनडीएचा आहे. लष्कराच्या आवारात आपण सात नंबरचं आयर्न खांद्यावर टाकून 'नमस्कार, एक राउंड' म्हणत जाऊ शकत नाही, आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही नाही. चूक गेटवरच्या जवानाची नाही, जाहिरात लिहिणाऱ्याची आहे. हिमालय जवळ आहे असं म्हणावं तसं हे जवळ आहे: दिसतं, हात लागत नाही. मग साध्या माणसाला उरतं काय? येरवड्याला पूना क्लबचा 18 होलचा कोर्स, नाही तर बावधनच्या पलीकडे लवळ्याच्या डोंगरात ऑक्सफर्डचा, तोही 18 होलचा. खडकवासल्याहून वारजे, चांदणी चौक करत लवळ्याकडे जायला आम्हाला कामाच्या दिवशी सव्वा तास लागला. येरवड्याला तर नारायण पेठेतूनच जवळ पडलं असतं. म्हणजे गोल्फसाठी आम्ही गोल्फपासून लांब राहायला गेलो. हे वाक्य मी ह्यांच्यासमोर एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

तरी माणूस हरला नाही. गच्चीवर ह्यांनी स्वतःचं मैदान केलं. जुना हिरवा पायपुसण्याचा पट्टा आणि त्याच्या टोकाला होल म्हणून आडवी ठेवलेली वाटी. वाटी लहान पडते, फुलपात्र त्याहून लहान. खऱ्या होलचा व्यास किती असतो, मी विचारलं. 108 मिलिमीटर. जगभर तेवढाच. म्हटलं, जपमाळेचे मणी तेवढे, होलही तेवढं, म्हणूनच तुम्ही ध्यान लावल्यासारखे उभे राहता. शेवटी स्वयंपाकघरात फूटपट्टी घेऊन भांडी मोजली. वरणाचं छोटं पातेलं आतून 110 भरलं. ते गेलं ते गेलंच. आता आमच्याकडे वरण दुसऱ्या पातेल्यात होतं.

चेंडू हातात घेऊन कधी पाहिलाय का? मी वर्षभरात सवयीनं त्याच्याशी खेळायला लागले. 46 ग्रॅमच्या आतला, घट्ट, आवळ्याएवढा, सगळीकडे खळगे. खळगे कशाला, तर गुळगुळीत चेंडूमागे हवा लवकर फाटते आणि तो ओढला जातो. खळग्यांमुळे हवा पृष्ठभागाला चिकटून जरा जास्त मागंपर्यंत जाते आणि ओढ कमी होते. ह्यांनी हे मला समजावलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बरा आहे खेळ. तोच चेंडू ऑक्टोबरात गच्चीच्या कठड्यावरून उसळून खाली शेजारच्या वाफ्यातल्या मेथीत गेला. वाफा गावातल्या एका आजींचा. त्यांनी तो धुऊन, पदराला पुसून आणून दिला आणि विचारलं, "ह्याचं पीक कधी येतं म्हणायचं?" दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी घरपोच. चेंडूच्या बदल्यात नव्हे, तसंच. असला व्यवहार नारायण पेठेत आता होत नाही.

'ऐतिहासिक परिसर' याला मात्र मी पूर्ण गुण देते, आणि जाहिरात लिहिणाऱ्याला तो का ऐतिहासिक आहे हे बहुधा ठाऊक नसावं. आपण खडकवासला म्हटलं की सिंहगडाच्या वाटेवरचा थांबा म्हणतो आणि इतिहास सगळा वर गडावर ठेवतो, 1670 आणि तानाजी मालुसरे. गडाच्या पायथ्याशी जे आहे तेही काही कमी नाही. मूळचं धरण 1870 च्या दशकात बांधलं गेलं. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे 1903 साली पहिल्यांदा इथं बसवले. पाणी एका पातळीच्या वर गेलं की दरवाजा आपण होऊन उघडायचा, उतरलं की बंद. माणसाला मध्यरात्री उठून चाक फिरवायची गरज नाही. धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासून चालत आलेलं. आत बंदरांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून बघतात, की लाट कुठं आपटते आणि गाळ कुठं साचतो. गणिताच्या बाईला यापेक्षा सुंदर प्रयोगवही कुठं मिळणार? आमच्या वेळी शाळेची सहल सिंहगडावर गेली, पिठलं-भाकरी खाऊन परत आली. इथल्या दाराशी बस थांबली नाही. मी स्वतः 28 वर्षं सहली काढल्या, मीही थांबवली नाही.

आणि समोर एनडीए. नेहरूंनी 1949 च्या ऑक्टोबरात पायाभरणी केली, 1955 च्या जानेवारीत उद्‌घाटन झालं. मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक, कारण दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बाजूनं लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी तिथल्या सरकारनं पैसे दिले होते, त्यातून ती उभी राहिली. नोव्हेंबराच्या अखेरीस आणि मे महिन्याच्या अखेरीस दीक्षान्त संचलन असतं. आधीचे काही दिवस विमानं सरावाला येतात. पहिल्यांदा सुखोई डोक्यावरून गेलं तेव्हा मी पोळी लाटत होते. पोळीचा नकाशा झाला. 30 मे 2025 च्या संचलनात 17 मुली पहिल्यांदा कॅडेट म्हणून बाहेर पडल्या. आम्ही गॅलरीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसलो होतो, टीव्हीवरचं विमान आणि डोक्यावरचं विमान यांत दोन-तीन सेकंदांचा फरक पडत होता. माझ्या वर्गातल्या दोन मुली आठवल्या, त्यांना 1990 च्या सुमाराला मी 'फॉर्म भरू नका, मुलींना घेत नाहीत' असं सांगितलं होतं. तेव्हा ते खरंच होतं. तरी घशाशी काहीतरी आलं.

आता पाणी. समोर धरण भरलं की 1.97 टीएमसी, म्हणजे 1.97 अब्ज घनफूट. लिटरमध्ये काढलं तर आपल्या त्या 10 हजारी टँकरचे जवळजवळ 56 लाख टँकर. आणि आमच्या इमारतीत पाणी येतं टँकरनं. दर दिवसाआड खाली भोंगा वाजतो, पाइप टाकीत सोडतात, वॉचमन वहीत सही घेतो. गाव 2021 मध्ये महापालिकेत आलं, नळाचं पाणी 'लवकरच' येणार असं घर दाखवताना सांगितलं होतं. लवकरच या शब्दाला गणितात किंमत नसते, तो चल आहे. दरमहा भाड्याच्या वर टँकरचा वाटा बसतो तो आधी विचारून घ्या, लिहून घ्या. आम्ही विचारलं नाही. शिकलेली माणसं अशीच फसतात.

2025 च्या जानेवारीत तर हे सगळं विनोदाच्या पलीकडे गेलं. सिंहगड रस्त्याच्या आमच्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला इथं, जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. गुलेन बॅरी. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायांतून ताकद जायला लागते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, तपासण्या झाल्या, विहिरी, टँकर, सगळ्यांवर नजर आली. आमच्या घरात दोन मोठी पातेली दिवसभर गॅसवर. तेवढ्यात एका संध्याकाळी हे म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात." मी जागच्या जागी बसले. टाचा उचला म्हटलं. उचलल्या. चवड्यांवर चाला. चालले. दोन तास वाकून पातेल्यात चेंडू ढकलल्यामुळे मुंग्या आल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. तरी फेब्रुवारी संपेपर्यंत रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यांना हॉलमध्ये चवड्यांवर चालायला लावत होते आणि ते निमूटपणे चालत होते. काठावर राहायचं तर पाणी उकळून प्यायचं, एवढं या घरानं शिकवलं. शुद्धीकरणाचं यंत्र लावलंत तरी उकळा.

रस्त्याबद्दल थोडक्यात. सोमवार ते शुक्रवार रस्ता चांगला. 2025 च्या मेपासून विठ्ठलवाडीच्या पुढचा उड्डाणपूल सुरू झाल्यावर धायरीकडे जाताना बरीच सुटका झाली, येताना मात्र तेव्हा रडगाणंच होतं. शनिवारी दुपारी चारनंतर आणि रविवारी दिवसभर मात्र घराबाहेर पडू नका. अख्खं पुणं सिंहगड, पानशेत आणि चौपाटीवर उतरतं. दोन्ही बाजूंना गाड्या, मधून गाड्या, त्यामधून घोडा. आमच्या पहिल्या ऑगस्टात नणंद-नंदोई रविवारी जेवायला येणार होते. किरकटवाडी फाट्याहून दीड तास फोन, शेवटी तिथूनच परत फिरले. पुरणपोळ्या आम्ही तीन दिवस खाल्ल्या.

आणि चौपाटीची मजा वार बदलला की बदलते. मंगळवारी सकाळी अकराला जा. एकटी बाई कोळशावर हाताचा पंखा फिरवत कणीस भाजत असते, दाणे फुटतात तो टच टच आवाज ऐकू येतो, एरवी हॉर्नमध्ये बुडतो. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावर फिरवते, शेवटी फोड पिळून टाकत नाही, तुमच्याच हातात देते. मे महिन्यात गडाच्या अंगानं करवंदं आणि जांभळं घेऊन बायका बसतात, पानाच्या द्रोणात. रविवारी हेच सगळं दुप्पट भावात, वर प्लास्टिकच्या ताटल्या पाण्यात. आणि पाण्यात उतरणारी पोरं. गाळात पाय रुततो, बाहेरून कळत नाही. दरवर्षी कुणीतरी जातं. मी दोनदा ओरडून पोरांना बाहेर काढलं, एकदा 'ओ काकू, तुमचं काय जातं' हेही ऐकलं.

डास आहेत. भरपूर. जाळ्या नाहीत, त्या मालकांकडून आधी बसवून घ्या. किराणा, दूध, औषधं गावात मिळतात. दाताचा डॉक्टर मात्र मी टिळक रोडचाच ठेवला. इंद्रायणी तांदूळ जवळपासच्या शेतकऱ्याकडून पोत्यानं घेतला, शिजताना वास जिन्यात येतो.

मला खरं सांगायचंय ते सासूबाईंबद्दल. त्या कोथरूडला थोरल्या दिरांकडे असतात, वय 86. आम्ही खडकवासल्याला चाललोय हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी हातातली वात तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "ज्यानं आमचं घर नेलं त्याच्या दारात राहायला जाताय होय?" 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं, तेही फुटलं, आणि पुण्याचा नदीकाठ गेला. आईंच्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. नारायण पेठेत तळमजल्यावर दोन खोल्या. पाणी उतरल्यावर परत आल्या तर गुडघाभर गाळ, भिंतीवर छतापासून हातभर खाली एक रेघ, आणि पाटा जागच्या जागी. वरवंटा वाहून गेला होता. तो पाटा आजही आमच्याकडे आहे, त्यावरचा वरवंटा नंतर आणलेला, त्यामुळे दोघांचं कधी नीट जुळलं नाही. चटणी कडेला सरकते. आमच्या घरात काळाचे दोनच भाग: पुराच्या आधीचं आणि पुराच्या नंतरचं. तरी त्या दहा महिने आल्या नाहीत. ह्यांनी तीनदा गाडी पाठवली. "पाय दुखतात" हे उत्तर.

मेच्या पहिल्या आठवड्यात आल्या. कशा तयार झाल्या माहीत नाही, मी विचारलं नाही. गॅलरीत खुर्ची मांडली होती, 31 अंशांच्या जागी, स्टँड हलवून. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि पाण्याकडे पाठ करून, घरात तोंड करून बसल्या. आम्ही काही बोललो नाही. मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, कडेचा गाळ उघडा पडतो, उन्हात त्याला भेगा जातात, आणि संध्याकाळी वारा फिरला की वास येतो. ओला, जुना, लोखंडासारखा. आम्हाला त्याची सवय झाली होती, मी तर खिडक्या लावून घेते. त्या संध्याकाळी मी लावायला गेले तर आई म्हणाल्या, "राहू दे." मग थोड्या वेळानं, "हाच गं. हाच वास होता. दिवाळीपर्यंत गेला नव्हता घरातून." त्यांनी खुर्ची फिरवली नाही, पण मान वळवली. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंसंच आहे की."

मी म्हटलं, आई, हे सर्वांत लहान. चारही धरणं मिळून 29.15 टीएमसी, त्यात हे दोनच्या जरा आत. पानशेतच एकटं साडेदहाच्या वर. त्यांना आकडे आवडतात हे मला लग्नाला 37 वर्षं होऊन माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पेपर आला की त्या आधी धरणसाठ्याची चौकट वाचायच्या, मोठ्यानं. टेमघर इतकं, वरसगाव इतकं, पानशेत इतकं. 'पानशेत' म्हणताना आवाज खाली यायचा. सहा दिवस राहिल्या. खुर्ची चौथ्या दिवशी सरळ झाली, आणि पाचव्या दिवशी ह्यांना म्हणाल्या, "ते पातेलं कशाला अडकवून ठेवलंयस रे, त्यात वरण चांगलं व्हायचं."

यंदा पाऊस मेमध्येच आला. पाणी चढायला लागलंय, भेगा बुजल्या. आई कोथरूडला परत गेल्यात, पण रोज सकाळी पावणेआठला फोन येतो, कारण तिकडं पेपर उशिरा टाकतात.

मालकांना काल सांगितलं: अजून अकरा महिने राहू, जाळ्या तुम्ही बसवा, टँकरचा निम्मा वाटा तुमचा. जाळ्यांना हो म्हणाले. टँकरला म्हणाले, "ताई, नळाचं पाणी येतंयच आता लवकर." सही शुक्रवारी आहे. ह्यांनी येरवड्याला जायचं ठरवलंय, महिन्यातून दोनदा, नारायण पेठेतल्या घरी आदल्या रात्री मुक्काम करून.

आज सकाळी फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "किती टक्के?" आईंनी विचारलं. पेपर आमच्याकडेही आला नव्हता. मी गॅस बारीक केला, गॅलरीच्या उजव्या टोकाला गेले आणि पाहून सांगितलं, "कडेचा दगड बुडलाय, आई. वरचा अजून दिसतोय."

"मग तासाभरानं परत बघून सांग," म्हणाल्या.